वाढ खुंटलेल्या कासवाला थायरॉक्सिन द्यावे का?

प्रश्न (पुणे)
माझ्याकडे दोन वर्षांपासून लाल कानाचे कासव आहे. त्याची पाठ अजून जेमतेम ५ सेंटिमीटर भरते आणि डिसेंबरपासून त्याने खाणे जवळजवळ सोडले आहे. टाकी बंद काचेच्या खिडकीशी असून तिथे ऊन येते, म्हणून वेगळा दिवा लावलेला नाही. खाणे म्हणजे फक्त सुकी कोळंबी. विक्रेत्याने माणसांची थायरॉइडची गोळी किंवा भुकेसाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले आहे. त्याचे हाल पाहवत नाहीत. यातले काही द्यावे का?

उत्तर (पशुवैद्यक, नाशिक)
कृपया दोन्ही देऊ नका. थायरॉक्सिनचा, म्हणजे त्या गोळीतल्या थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाचा, उपयोग सरपटणाऱ्या प्राण्यांत होतो, पण तो गलगंड किंवा थायरॉइडची खरी कमतरता असेल तेव्हा. बंदिवासातील गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांच्या महाकाय कासवांत असे आजार आढळले आहेत. आपल्या रुग्णाच्या रक्तात हे संप्रेरक कमी आढळले, तरी तेवढ्यावरून निदान होत नाही, कारण वाळवंटी कासवांत उपासाने थायरॉक्सिन घटते आणि खाणे सुरू होताच पुन्हा वाढते, म्हणजे ती घट बहुधा उपासमारीचा परिणाम असते, कारण नव्हे. शिवाय या प्राण्यांच्या शरीराचा वेग बाहेरच्या उष्णतेवर चालतो. थंड शरीरात संप्रेरक पुरेसे काम करू शकत नाही. अॅनाबॉलिक (शरीर भरवणारे) स्टेरॉइड भूक वाढवण्यासाठी काही पशुवैद्य वापरतात, परंतु उपाशी कासवाचे यकृत आधीच थकलेले असते, म्हणून मी ते मूळ कारण शोधल्याशिवाय देत नाही.

पाणी २४ ते २७ अंश आणि उन्हाची कोरडी जागा ३२ अंशांच्या आसपास हवी. खिडकीची काच कॅल्शियम शोषण्यासाठी लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते, त्यामुळे त्या उन्हाचा हाडांना उपयोग नाही; यूव्हीबी दिवा लावा. पाठ दाबून मऊ लागते का, तेही कळवा.

उत्तर (ठाणे)
डोळे सुजले आहेत का, ते पाहा. आमचे कासव निव्वळ सुक्या कोळंबीवर वाढले, पापण्या सुजून त्याला अन्न दिसेनासे झाले, आणि आम्ही मात्र त्याची भूक मेली असे समजत राहिलो. तपासणीत जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता निघाली. या जीवनसत्त्वाचे इंजेक्शनही स्वतः देऊ नये. मात्रा जास्त झाल्यास कातडी सोलून निघते.

प्रश्नकर्ता (पुणे)
आज पहाटे पाणी मोजले, १८ अंश भरले. पाठ कडेला दबते, डोळे उघडे आहेत. हीटर आणि दिवा आजच आणतो, आणि विष्ठेचा नमुना घेऊन उद्या दवाखान्यात जातो.

उत्तर (पशुवैद्यक, नाशिक)
पाणी एकदम तापवू नका, दिवसाला दोन-तीन अंश चढवा. मऊ पाठीसाठी क्ष-किरण तपासणी सांगितली तर ती अवश्य करा.