मदत हवी: ब्लेंडरमध्ये पास, काट्यावर नापास

चिकोडीकर: उसाच्या ट्रॉल्या मोजायला योलो, म्हणजे चित्रातल्या वस्तू ओळखणारं एआय मॉडेल बसवलंय. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये 2000 बनावट चित्रं करून तपासलं, 97 टक्के बरोबर. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मात्र दोन ट्रॉल्या एकच मोजतंय. सोमवारी दाखवायचंय. काय चुकतंय? लवकर सांगा.

निपाणी_वेस: दिवसा चुकतंय की रात्री? कॅमेरा किती उंचावर?

चिकोडीकर: रात्रीच बघितलंय. कॅमेरा साधाच आहे.

उद्यमबाग: मग हेडलाइटच. आमच्या फाउंड्रीत ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची भोकं शोधताना हेच झालं. छर्रे मारून साफ (शॉटब्लास्ट) केलेलं कास्टिंग चमकलं की मॉडेल आंधळं. डोमेन रँडमायझेशन करा. प्रकाश, पोत, रंग सगळं बदलत राहायचं. 2017 पासून लोक करतायत.

निपाणी_वेस: ते शिकवायला ओ. हे तपासतायत. सगळं एकदम बदललं तर कशानं मोडलं ते कळणार कसं?

खानापूर_रोड: कार्ला घ्या, गाड्या-रस्त्यांचा सिम्युलेटर आहे. पाऊस, धुकं, सूर्य, सगळं हातात.

निपाणी_वेस: त्यात उसाची ट्रॉली आणणार कुठनं?

अथणीचा_शेतकरी: बनावट चित्रं कशाला? एक रात्र गेटवर थांबा, पाहिजे तेवढे फोटो मिळतील. रांगेत ऊस वाळतो, वजन घटतं, नुकसान आमचं. गाडी किती तास उभी होती ते मोजा की आधी.

निपाणी_वेस: काका, फोटो हवेतच. त्यातली वीस दृश्यं ब्लेंडरमध्ये जशीच्या तशी उभी करायची. मॉडेल दोन्हीकडं सारखंच चुकलं तरच बनावट चित्रांवर भरवसा. चिकोडीकर, उंची सांगा ना.

चिकोडीकर: ब्लेंडरमध्ये बाजूनं, 6 मीटरवर. काट्यावर पत्र्याखाली 3 मीटर, समोरून. सांगायचं राहिलं.

निपाणी_वेस: अहो, तेच विचारत होतो! ब्लेंडरमध्ये ऊन दुपारचंच ठेवा, ट्रॉल्या त्याच. फक्त कॅमेरा काट्यावरच्या जागी आणा.

उद्यमबाग: हेडलाइटही तपासा.

चिकोडीकर: केलं. भर उन्हातही मागची ट्रॉली गायब. पुढचा ऊस इतका उंच की दोन ट्रॉल्यांमधली फटच झाकते, मागून उसाची चार टोकं तेवढी डोकावतात. कॅमेरा थोडा थोडा वर नेला, साडेचार मीटरला फट दिसली आणि दोन मोजल्या. हेडलाइट अजून लावलेच नव्हते. ते आज रात्री बघतो. पत्र्याच्या वर खांब बसतो का, ते उद्या सकाळी विचारून येतो.