अन्न-पिरॅमिडप्रमाणे घरचे ताट कसे मांडावे?

प्रश्न:
आमच्या घरी दोन्ही वेळा पोळी-भाजी आणि वरण-भात असा शाकाहारी स्वयंपाक असतो. पिरॅमिडच्या तळाशी धान्ये आणि टोकाला तेल-साखर हे चित्र परिचयाचे आहे, मात्र त्यावरून रोजचे प्रमाण ठरवता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९२ साली प्रसिद्ध केलेला पिरॅमिड २०११ मध्ये बाजूला ठेवून ताटाचे चित्र स्वीकारले. आपल्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे अधिक उपयोगी आहेत. २००० किलोकॅलरींच्या आहारासाठी त्यांत दिवसाला धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे.

प्रतिसाद २:
ही वजने कच्च्या जिन्नसांची आहेत, आणि नेमकी इथेच गफलत होते. पातळ वरणाच्या वाटीत डाळ थोडी आणि पाणीच फार असल्यामुळे, दोन्ही वेळा वरण जेवूनही ८५ ग्रॅमचा पल्ला बहुधा गाठला जात नाही. म्हणून एका वेळी मटकीची उसळ किंवा पिठले ठेवून भात तेवढा कमी करावा. बटाटा भाजीत धरून समाधान मानू नये, हे माझे मत. कोशिंबिरीतले दाण्याचे कूट मात्र खुशाल हिशेबात घ्यावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तेलाचा हिशेब मांडला, तर चौघांना महिन्याला तूप धरून साधारण साडेतीन लिटर पुरायला हवे. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाअखेरीस रिकामा होतो, आणि तूप वेगळेच.