मुलीला हॅरी पॉटर वाचू द्यायचं की नाही? ख्रिस्ती पालकांनो जरा सांगा

नगरची_आई
प्रभूत सलाम सगळ्यांना. मुलगी सातवीत आहे, वाचायचं वेड, जेवताना पण ताटाशेजारी पुस्तक लागतं. मैत्रिणीकडून हॅरी पॉटर आणलं, चार दिवसांत पहिला भाग संपवून दुसरा घेऊन आली, मी पण खूश की मोबाईल तरी सुटला. तर मागच्या रविवारी संडे स्कूलच्या टीचरनी ते तिच्या पिशवीत बघितलं आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाल्या हे सैतानाचं पुस्तक आहे, वर बायबलमधल्या अनुवाद पुस्तकाचा 18वा अध्याय (जादूटोण्याला मनाई आहे तो) उघडून तिलाच मोठ्याने वाचायला लावलं. घरी येऊन रडली. सासूबाई म्हणतात जाळून टाक. अहो पण मैत्रिणीचं आहे ते, जाळू कसं? आणि ह्याच टीचरनी नाताळात मुलांना नार्नियाचा सिनेमा दाखवला होता, त्यात चेटकीण नव्हती का? मी स्वतः एक पान वाचलेलं नाही त्यामुळे कुणाशी वाद घालायला तोंड नाही.

वसईकर_बाब्या
ताई पहिलं म्हणजे पोरीला जवळ घ्या, बाकी नंतर. आमच्याकडे फादर लोक एवढं मनावर घेत नाहीत. एकेकाळी रोमची निषिद्ध पुस्तकांची यादीच असायची, ती 1966 ला बंद झाली, आता आपली अक्कल वापरायची. मला विचाराल तर जादूपेक्षा दा विंची कोडने जास्त घोळ केला. कादंबरीच्या सुरुवातीलाच 'तथ्य' म्हणून एक पान, त्यात म्हणे प्रायरी ऑफ सायन नावाची गुप्त संघटना 1099 सालची. प्रत्यक्षात फ्रान्समधल्या एका माणसाने ती 1956 ला काढली. 2006 ला सिनेमा आला तेव्हा सेन्सॉरने ए सर्टिफिकेट दिलं आणि हे काल्पनिक आहे अशी पाटी टाकायला लावली, तरी माझा चुलतभाऊ आजपर्यंत सांगत फिरतो की येशू देव आहे हे 325 साली नायसियाच्या धर्मसभेत बिशपांनी मतं टाकून ठरवलं. अरे भांडण होतं पुत्र पित्यासारखाच देव की पित्याने घडवलेला यावर, देव मानणारे त्याच्या आधी दोनअडीचशे वर्षं होतेच की. तर खोटं खरं म्हणून विकणारं पुस्तक आणि मी गोष्ट सांगतोय म्हणणारं पुस्तक यात फरक करा एवढंच.

शास्त्रपाठी
टीचरनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, ते चूकच. पण त्यांचा मुद्दा उडवून लावू नका. बाब्याभाऊ, इंग्लंडमधल्या पोराला जादू म्हणजे गंमत, आमच्या गावात करणी-भानामती म्हणजे बाईला घराबाहेर काढायचं कारण असतं. 2013 ला महाराष्ट्रात त्यावर कायदा करावा लागला, उगाच नाही. माझे आजोबा देवऋषीच्या दारातून उठून प्रभूकडे आले, त्यांच्या पणतीने छडी घेऊन मंत्र म्हणत घरभर फिरायचं हे मला नाही बघवत. नार्नियाचं म्हणाल तर तिथे जादूटोणा करणारी ती पांढरी चेटकीण, म्हणजे खलनायिका, आणि अस्लान नावाचा सिंह गद्दारी केलेल्या एका पोरासाठी दगडी मेजावर जीव देतो, परत उठतो. पॉटरमध्ये नायकच शाळेत बसून ती विद्या शिकतो. हा फरक लहान नाही. फिलिप्पै 4:8 काढून बघा, 'जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध'.

जुनी_लायब्ररी
शास्त्रपाठीदादा, करणीचा मुद्दा मला एकदम पटला, इंग्रजी लेखांत हे कुणी लिहीत नाही. पण अनुवाद 18 मध्ये मनाई आहे ती शकुन बघायला, मंत्रतंत्र करायला, भुतांना मृतांना विचारायला, म्हणजे देवाला सोडून दुसऱ्या दारात जायला. शौल राजा मेलेल्या शमुवेलाला विचारायला एन-दोरच्या भूतविद्येवाल्या बाईकडे गेला तो हाच गुन्हा. पॉटरमधली जादू मात्र बरीचशी रेसिपीसारखी आहे, छडी हलवा लॅटिनसारखा शब्द बोला पीस उडतं, कुणा आत्म्याला बोलवावं लागत नाही. आणि भविष्य सांगणाऱ्या बाईंची तर पुस्तकभर टिंगल आहे, दोन खरी भाकितं सोडली तर.

ताई तुम्ही सातव्या भागातला (2007 चा) एकच प्रसंग वाचा. नाताळची आदली रात्र, बर्फ, चर्चमधून गाण्याचा आवाज येतोय, आणि हॅरी दफनभूमीत आईबापाची कबर शोधतोय. आधी दुसऱ्याच एका कुटुंबाची कबर सापडते, दगडावर 'जेथे तुझे धन आहे तेथे तुझे मनही लागेल', मत्तय 6:21. मग त्याच्या आईबापाची, त्यावर 1 करिंथ 15:26, शेवटला शत्रू जो नाहीसा केला जाईल तो मृत्यू. कुठून घेतलं ते पुस्तकात लिहिलेलं नाही. हॅरीला अर्थच लागत नाही, तो घाबरतो, त्याला वाटतं हे तर मरण चुकवू बघणाऱ्या खलनायकाच्या टोळीचं बोलणं. मैत्रीण समजावते की तसं नाही, मरणाच्या पलीकडे जगणं असा अर्थ आहे. लेखिकेने नंतर सांगितलंय की ही दोन वचनं म्हणजे जवळजवळ सगळ्या मालिकेचं सार. बायबल न वाचलेल्या पोराला तिथे नुसता दगड दिसतो, तुमच्या मुलीला वचन दिसेल.

आणि कादंबरीच नको म्हणणाऱ्यांसाठी, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती 1857 ची यमुनापर्यटन, लिहिणारे बाबा पदमनजी, बाप्तिस्मा घेऊन तीनच वर्षं झाली होती. विधवांचे हाल लोकांना कळावे म्हणून त्यांनी प्रवचन नाही लिहिलं, गोष्ट लिहिली. प्रेषित पौलाने सुद्धा अथेन्समध्ये तिथल्या ग्रीक लोकांना त्यांच्याच कवीची ओळ सांगितली, म्हणजे त्याने ती कधीतरी ऐकली वाचली असणार ना.

शास्त्रपाठी
कबरीचं माहीत नव्हतं, ते वाचतो. छडीवर मात्र मी ठाम आहे 🙂 चौथ्या भागापासून काळोख वाढतो असं ऐकलंय, बारा वर्षांच्या पोरीला सगळं एकदम देऊ नका.

जुनी_लायब्ररी
हो, ते मान्य. चौथ्याच्या शेवटी एक शाळकरी मुलगा मारला जातो आणि रक्त वापरून विधी आहे, तो भाग तिच्याबरोबर बसून वाचा.

नगरची_आई
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना कबरीचं सांगितलं, त्या म्हणाल्या करिंथकरांस पत्रातलं वचन त्या पुस्तकात? दाखव. आता अडचण अशी की सातवा भाग त्या मैत्रिणीकडे नाही, आणि माझं इंग्रजी जेमतेम, सासूबाईंना तर येतच नाही. नगरमध्ये कुणाकडे मराठीतला असेल तर पंधरा दिवसांसाठी द्याल का? जाळणार नाही, शब्द देते.