भाच्याला हॉगनोज साप चावला होता, आता म्हणतो मांजऱ्या साप पाळू

वाडीतला मामा
नमस्कार मंडळी. घर गुहागर तालुक्यात. गणपतीला बहिणीचा मुलगा आलाय, अमेरिकेतच वाढलेला. तिकडे त्याने खोलीत हॉगनोज नावाचा साप पाळलाय. तो मागच्या वर्षी त्याला चावला. खायला उंदीर देताना वास हाताला राहिला आणि सापाने अंगठाच धरला. फोटो दाखवला मला. अंगठा कुठे संपतो आणि मनगट कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, वर पाण्याने भरलेले फोड. चिरंजीव मात्र हसत सांगतात, "मामा, माइल्ड व्हेनम, काही होत नाही."

परवा रात्री आरती आटोपल्यावर याने मागच्या दगडी गडग्यावरून एक साप उचलून आणला. खाकी अंग, पाठीवर पांढरट नक्षी, मान बारीक, डोकं रुंद. म्हणे कॅट स्नेक, म्हणजे आपला मांजऱ्या, हाही माइल्डच. माळ्यावरच्या जुन्या फिश टँकमध्ये ठेवलाय आणि परत जाईपर्यंत पाली घालून सांभाळणार आहे. आमची आई त्या खोलीच्या दारातही उभी राहत नाही. घरात बहिणीची, भावाची मिळून लहान मुलं बरीच. फोटो जोडलाय. असा साप चावला तर नक्की काय होतं? आणि ठेवू द्यावा का?

बागायतदार
लहान मुलं आहेत घरात आणि विचारताय काय? काठी घ्या नि मोकळे व्हा.

कातळावरचा
बागायतदार, काठी राहू दे बाजूला.

मामा, साप मांजऱ्याच आहे. पण भाच्याने तो रात्री, बॅटरीच्या उजेडात, गडग्यावरून हाताने उचलला हे वाचून माझं डोकं फिरलं. आमच्या कुडाळकडे काय नि तुमच्याकडे काय, जांभ्याचा गडगा म्हणजे फुरशाचं घर. मी वाड्या-वाड्यांतून साप सोडवतो, 'मांजऱ्या आहे' म्हणून बोलावलं आणि कोपऱ्यात फुरसं निघालं असं होतंच. दोघांच्या डोळ्यांच्या बाहुल्या उभ्या, दोघांच्या डोक्यावर खूण, आणि मांजऱ्या चिडला की फुरशासारखीच वेटोळी घालून अंगावर येतो. फरक असा: फुरसं आखूड, जाडसर, खवले खरबरीत, डिवचलं की अंगावर अंग घासून खर्रर्र आवाज करतं. मांजऱ्या लांबुडका, गुळगुळीत, डोळे बटबटीत, शेपूट बारीक होत गेलेली. दिवसा, चार हात लांबून, हे नीट दिसतं. रात्री आरतीच्या गडबडीत नाही.

आता चाव्याचं. हॉगनोज, मांजऱ्या, हरणटोळ यांचे विषाचे दात जबड्याच्या मागच्या बाजूला असतात. नागाला जशी पिचकारी मारता येते तशी यांना येत नाही. ड्यूव्हर्नॉय नावाच्या ग्रंथीतलं विष दाताच्या कडेने झिरपत जातं. म्हणून एक डसून सोडलं तर बहुतेक वेळा ओरखडा, थोडी आग, खाज, बस. धरून चघळलं की सूज. भाच्याच्या अंगठ्याचं तेच झालं: भक्ष्य समजून धरला, तो सोडेना, आणि हा बहुधा 'माइल्ड आहे' म्हणत बघत बसला. एरवी हॉगनोज चावण्यापेक्षा नाटकंच जास्त करतो. मान फुगवतो, तोंड मिटून धडका देतो, शेवटी उताणा पडून मेल्याचं सोंग घेतो. त्याच्या चाव्याने सूज कोपराकडे चढल्याच्या, काळंनिळं पडल्याच्या नोंदी आहेत, एका रुग्णाच्या रक्तातल्या प्लेटलेटही उतरल्या होत्या. त्यावर प्रतिविष नाही, आपोआप ओसरायची वाट बघायची. मेल्याचं नाव कुठे नाही, हे खरं.

पण मागच्या दाताचा म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण भाच्याच्या डोक्यातून काढा. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले कार्ल श्मिट, सापांवर आयुष्य घालवलेला माणूस. 1957 मध्ये त्यांना बूमस्लँगचं पिल्लू चावलं. एकच दात नीट लागला होता. त्यांनी उपचार न घेता लक्षणं लिहून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी रक्तस्रावाने गेले. 1975 मध्ये जर्मनीचे सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मर्टन्स पाळलेल्या ट्विग स्नेकच्या चाव्याने गेले. दोन्ही साप आफ्रिकेतले, आपल्याकडे नाहीत. मांजऱ्या काही बूमस्लँग नव्हे. तरी त्याच्याच गोत्रातला तपकिरी साप ग्वाम बेटावर रात्री झोपलेल्या तान्ह्या बाळांना चावला आणि काहींना श्वास घ्यायला त्रास झाला. तुमच्या घरात मुलं आहेत म्हणून सांगतो.

राहिला पाळण्याचा मुद्दा. आपल्याकडचा कुठलाही रानातला साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेचा पासपोर्ट दाखवून सुटका नाही. सापडला त्याच गडग्यापाशी संध्याकाळी टँक आडवा करून ठेवा, तो आपला जाईल. हाताने काढू नका.

नाईट ड्युटी
सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आमच्याकडे माणूस 'साधा साप होता' म्हणत आला तरी आम्ही त्याच्या शब्दावर जात नाही. कोरड्या काचेच्या परीक्षानळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो, मग कलंडवतो. गोठलं नसेल तर फुरसं किंवा घोणस समजायचं. प्लास्टिकची नळी चालत नाही. पहिल्या वेळी गोठलं म्हणून लगेच घरी सोडत नाही. फुरशाचा परिणाम उशिरा दिसतो, चाचणी पुन्हा करतात.

मांजऱ्या, हरणटोळ चावलेल्याला प्रतिविष देत नाहीत. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं, आणि घोड्याच्या रक्तातून बनवलेलं असल्यामुळे त्याची रिॲक्शन कधी कधी जिवावर बेतते. म्हणून 'इंजेक्शन द्याच' असा हट्ट धरू नये. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आधी काढा. दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही. 108 ला फोन करा. आणि हरणटोळ चावल्यावर गावातल्या मांत्रिकाने उतरवलं म्हणतात ना, तो पेशंट घरी पेज खाऊन झोपला असता तरी उठलाच असता. त्याच मांत्रिकाकडे फुरसंवाला जातो, तेव्हा पंचाईत होते.

वाडीतला मामा
आभार. श्मिटसाहेबांचं वाचून दाखवलं, चिरंजीव गप्प. काल संध्याकाळी टँक गडग्याला लावून ठेवला, सकाळी रिकामा. आई मात्र अजून झाडू घेऊनच माळ्यावर जाते.

खाडीकाठ
मामांचा विषय संपला म्हणून विचारतो. आमच्या मालवणात जाळ्यात साप येतात. पोरं शेपटीला धरून फेकतात, म्हणतात ह्यांका इख (विष) नसता. यातले सौम्य कुठले?

कातळावरचा
मेल्या, आधी पोरांचे हात आवर. खाडीत, कांदळवनात मिळतो तो श्वानमुखी पाणसाप, मासे खाणारा, मागच्या दाताचा. चावला तर थोडी सूज. दर्यातल्या जाळ्यात येतो तो समुद्री साप, वल्ह्यासारखी चपटी शेपटी. त्याचा चावा दुखतसुद्धा नाही, म्हणून पोरांना वाटतं काही झालं नाही. काही तासांनी अंग आखडतं, स्नायू दुखतात, लघवी काळपट होते. नाईट ड्युटीने सांगितलेल्या चौघांच्या प्रतिविषात तो बसत नाही. जाळं होडीत झटकताना काठीने परत पाण्यात ढकला आणि कोणाला चावलाच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, तसंच हॉस्पिटल गाठा.