मदत हवी आहे: जुन्या पुस्तकातली पानं पूर्ण आहेत का हे पटकन कसं बघायचं?

दर रविवारी जुन्या पुस्तकांच्या बाजारात जाते, ढिगात फार सुंदर पुस्तकं स्वस्तात मिळतात पण तीनदा फसलेय. परवाच्या कादंबरीत पान ९६ नंतर थेट ११३, म्हणजे १६ पानांचा अख्खा फर्माच (एकत्र दुमडून शिवलेला पानांचा गठ्ठा) गायब, आणि शिलाई एकदम घट्ट त्यामुळे बाहेरून काही कळलंच नाही, वाचता वाचता ऐन रंगात अडकले. शेवटचं पान, अनुक्रमणिका बघूनच घेते, सुटी पानं पडतायत का तेही हलवून बघते. बदलून मिळत नाही, विक्रेते दर आठवड्याला वेगळे. गर्दीत एका पुस्तकाला जेमतेम मिनिट मिळतं. काही पुस्तकांत फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, त्यावरून तपासता येतं का, आणि तो आकडा नसेल तर काय बघायचं?