उरलेलं बार्बेक्यू चामट का होतं
उरलेलं बार्बेक्यू मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं की मांस चामट होतं, अशी तक्रार असते. फुल पॉवरवर होणारच. कडा सुकतात, मधला भाग गारच. 50 टक्के पॉवर, वर झाकण, मिनिटामिनिटाला उलटा. मोठा तुकडा असेल तर ओव्हनच बरा: 120 अंश सेल्सिअस, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, आत दोन-तीन चमचे स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी). आतलं तापमान 74 अंशांवर गेलं की लगेच बाहेर. गोड सॉस शेवटी लावा, आधी लावला तर त्यातली साखर करपते.

शिजल्यावर दोन तासांच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं. लागेल तेवढंच गरम करा. अगदीच कोरडं पडलेलं बारीक चिरून सूपमध्ये उकळा, धुराचा वास मस्त उतरतो. मीठ मात्र चाखूनच घाला, रबमध्ये (भाजण्याआधी मांसाला चोळलेल्या मसाल्यात) भरपूर असतं.