बी विंग ग्रुप, सकाळी ७ पासून

बी-३०४: नमस्कार. सासूबाईंना रात्री २ पासून उलट्या-जुलाब. वय ७८. पाणी पुढे केलं की "तहान नाही गं" म्हणतात. ओआरएसची पाकिटं आहेत का कुणाकडे? मेडिकल ९ शिवाय उघडत नाही.

बी-१०१: सेक्रेटरी साहेब, टाकी कधी धुतली होती?

बी-५०२: अगं २ आहेत, नातवाला पाठवते. तोवर मीठ घालून पेज दे.

बी-२०१: त्यांना डायबिटीस आहे ना? ओआरएसमध्ये साखर असते. नका देऊ. नुसतं साधं पाणी द्या.

बी-४०१: थांबा जरा. ३२ वर्षं वॉर्डात काढलीत म्हणून बोलते. १ लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम. ते गोडीसाठी नसतं, त्याच्यासोबतच मीठ आणि पाणी आतड्यातून रक्तात जातं. साध्या पाण्याने गेलेलं मीठ भरून येत नाही. डायबिटीस असला तरी द्यायचं, शुगर तपासत राहायची. आणि वय झालं की तहान लागतच नाही नीट. आजींच्या "नको"वर जाऊ नकोस.

बी-२०१: मी काळजीपोटीच म्हटलं.

बी-१०१: टाकीचं उत्तर आलं नाही.

सेक्रेटरी: मार्चमध्ये धुतली. नोटीस लावली होती, वाचणाऱ्यांसाठी.

बी-१०१: लिफ्टमध्ये लावली होती. लिफ्ट तेव्हा बंद होती 😂

बी-४०१: लिफ्टचं नंतर भांडा. ३०४, पाकीट १ लिटरचं आहे ना बघ, मग अख्खं १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. थोडं थोडं ग्लासात कालवू नकोस, प्रमाण चुकतं. उलटी झाली तर १० मिनिटं थांब, मग चमचा-चमचा. २४ तासांनी उरलेलं ओतून टाक.

बी-३०४: ताई, हे स्टेशनवरून टेट्रापॅक घेऊन आलेत, सफरचंदाच्या चवीचा. चालेल?

बी-४०१: नको. साखर जास्त असली की जुलाब वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याने, असल्या पेयांवर ओआरएस लिहायला मनाई केली ती त्यासाठीच. बीपीची कोणती गोळी चालू आहे?

बी-३०४: सकाळची एक, लघवीची आहे बहुतेक.

बी-४०१: त्या गोळीने अंगातलं पाणी आणखी जातं. मग ती द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन कर. आत्ता.

बी-६०३: माझ्या बाबांचं गेल्या वर्षी हेच झालं. आम्ही दोन दिवस अशक्तपणाच समजत होतो. असंबद्ध बोलायला लागले तेव्हा नेलं, तोवर किडनीला त्रास झाला होता. कृपया वाट बघू नका.

बी-४०१: बरोबर बोललात. ६-८ तास लघवी नाही, बोलण्यात गोंधळ, उभं राहिल्यावर चक्कर, जुलाबात रक्त, पोटात काहीच ठरत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सलाईनची गरज लागू शकते, थेट हॉस्पिटलला न्यायचं. कातडीची चिमटी घेऊन बघू नका, म्हातारपणी ती तशीही सैल असते. आणि घरातल्या सगळ्यांनी साबणाने हात धुवा, सॅनिटायझरवर भिस्त नको.

बी-१०१: म्हणूनच विचारतोय. टाकी.

सेक्रेटरी: उद्या पाण्याचा नमुना तपासायला देतो. झालं समाधान?

बी-५०२: पाकिटं पोचली का गं?

बी-३०४: हो काकू. डॉक्टर म्हणाले आजची गोळी थांबवा. २० चमचे गेलेत, उलटी नाही. आत्ता लघवीला जाऊन आल्या, रंग गडद आहे.

बी-४०१: वेळ लिहून ठेव. मी १० मिनिटांत खाली येते.